रेडिएशनच्या प्लॅनिंगला जाण्याआधी: तारीख मिळाल्यापासून गुरुवारपर्यंतचे दिवस कसे वापरायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलापूरच्या एका ताईंच्या आईचं, वय ६१, डाव्या स्तनातल्या गाठीचं आणि काखेचं ऑपरेशन झालं. केमो संपून तीन आठवडे झाले. आता परळच्या एका हॉस्पिटलने पुढच्या गुरुवारी ‘सीटी सिम्युलेशन’ला, म्हणजे रेडिएशनच्या प्लॅनिंगच्या स्कॅनला, बोलावलंय आणि कागदावर तारखेशिवाय काहीच लिहिलेलं नाही. उपाशी यायचं का, शुगरची गोळी घ्यायची का, मंगळसूत्राचं काय, हात पूर्ण वर जात नाही ते चालेल का, आणि त्याच दिवशी शेक, म्हणजे प्रत्यक्ष रेडिएशन, सुरू होणार का, असं ताईंनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आईची झोप त्यानेच उडाली असेल. नाही, गुरुवारी उपचार सुरू होत नाही. त्या दिवशी आईंना ज्या स्थितीत रोज उपचार द्यायचा त्या स्थितीत झोपवतात, त्याच स्थितीत एक सीटी स्कॅन काढतात, अंगावर बारीक खुणा करतात आणि घरी पाठवतात. हा स्कॅन आजार कुठे पसरलाय ते शोधायला नसतो, त्यामुळे ‘रिपोर्ट काय आला’ म्हणून संध्याकाळी धाकधूक करत बसू नका. त्याचा रिपोर्ट बहुतेक ठिकाणी पेशंटला देतच नाहीत. किरणं नेमकी कुठे द्यायची, त्याचा नकाशा काढायला तो असतो.

मी मुंबईत रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला टेबलावर झोपवायचं, खुणा करायच्या, मशीन चालवायचं, हे माझं काम, आणि ते करता करता केस पिकले. डोस डॉक्टर ठरवतात, त्याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट मांडतात. म्हणून खाली जिथे ‘डॉक्टरांना विचारा’ असं लिहिलंय तिथे ते खरंच विचारायचं आहे.

सगळ्या तयारीचं मूळ एकाच गोष्टीत आहे: गुरुवारी आई टेबलावर जशा झोपतील, अगदी तशाच त्या पुढे रोज झोपायला हव्यात. स्तनाच्या रेडिएशनच्या आजकाल बहुधा १५ बैठका असतात, आठवड्याला पाच, म्हणजे तीन आठवडे. गाठीच्या जागेला जादा डोस, ज्याला बूस्ट म्हणतात, द्यायचा असेल तर त्यावर आणखी काही. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या ब्रिटिश अभ्यासानंतर निवडक बायकांना पाच बैठकांतही उपचार देतात, पण ते कोणाला लागू पडतं हे डॉक्टर ठरवतील. बैठका कितीही असोत, प्रत्येक वेळी खांदा, हनुवटी, पाठ गुरुवारी होती तिथेच यायला हवी, काही मिलिमीटर इकडेतिकडे. त्यामुळे त्या दिवशी दात-ओठ खाऊन कसंबसं जमवलेलं काही आम्हाला नको असतं. रोज सहज जमेल तेच हवं असतं.

म्हणून तुमच्या यादीतला खरा महत्त्वाचा प्रश्न हाताचा आहे. मंगळसूत्र काढायला एक मिनिट लागतं. हात वर जायला आठवडा लागतो, आणि तुमच्याकडे नेमका तेवढाच वेळ आहे.

काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो. बायका वेदनेच्या भीतीने हात अंगाशी धरून ठेवतात, त्याने तो आणखी आखडतो. काहींच्या काखेतून कोपराकडे दोरीसारखी शीर ताणलेली हाताला लागते, हात उचलला की ती ओढते. घाबरू नका, ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणींना होतं आणि फिजिओथेरपीने सुटतं. प्लॅनिंगच्या वेळी आईंना एका तिरक्या फळीवर, ब्रेस्ट बोर्डवर, उताणं झोपवून दोन्ही हात डोक्याच्या वर आधारावर ठेवायला सांगतील. काही ठिकाणी फक्त डावा. हात बाजूला राहिला तर तो किरणांच्या वाटेत येतो, आणि कोपर बाहेर फाकलं तर स्कॅनरच्या गोलातून आत जातच नाही.

उद्यापासून हे करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर चालवत हात वर न्यायचा, जिथे ताण येतो तिथे थोडं थांबायचं, मग खाली. दिवसातून चार-पाच वेळा. दुसरं, जमिनीवर सतरंजी टाकून उताणं झोपायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर उश्यांवर टेकवायचे आणि तसंच पडून राहायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. संध्याकाळची मालिका नुसती ऐकत झोपल्या तरी चालेल. गादीवर करू नका, आमचं टेबल कडक आणि सपाट असतं. शक्य असेल तर याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. जखम अजून ओली असेल किंवा हात सुजलेला असेल तर आधी सर्जनला विचारून मगच व्यायाम.

एवढं करूनही बुधवारपर्यंत हात कानापाशी येत नसेल तर विभागात फोन करून तसं सांगा. डॉक्टर कदाचित तारीख चार-आठ दिवस पुढे ढकलतील. नातेवाइकांना हे फार लागतं, ‘एवढी मुश्किलीने मिळालेली तारीख’ वगैरे. पण अर्धवट उचललेल्या हातावर बेतलेलं प्लॅन पुढे खांदा सुटल्यावर जुळत नाही, आणि मग स्कॅनपासून पुन्हा सगळं करावं लागतं. उशीर कितपत परवडेल हे डॉक्टरांना ठाऊक असतं. त्यांच्यापर्यंत माहिती पोचवणं तुमचं काम.

याच्याच जोडीला एक सांगते, आणि हे आईंना वाचून दाखवा. आम्ही टेबलावर विचारतो, “मावशी, बरं वाटतंय का, कुठे टोचतंय का?” आणि त्यांच्या वयाच्या दहातल्या नऊ जणी म्हणतात, “चालेल हो.” कंबर दुखत असते, मानेखालचा आधार चुकीच्या जागी असतो, हाताला मुंग्या येत असतात, पण लोकांना त्रास कशाला द्यायचा म्हणून गप्प. मग स्कॅन होतो, खुणा होतात, आणि तिसऱ्या दिवशी उपचाराच्या टेबलावर त्या वळवळायला लागतात, कारण ती स्थिती त्यांना मुळातच सोसवत नव्हती. गुरुवारी तक्रार केली तर पाच मिनिटांत गुडघ्याखाली उशी येते, आधाराची खाच बदलते. स्कॅन झाल्यावर केली तर काही बदलता येत नाही. तेव्हा त्या एका दिवशी आईंनी मनसोक्त कुरकुर करावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. आधीच दुखणं असेल तर नेहमीची वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा.

ऑपरेशनच्या जागी पाणी साठून फुगवटा आलाय का ते पाहा. काही जणींना ते सुईने काढावं लागतं. काढायचंच असेल तर प्लॅनिंगच्या आधी काढलेलं बरं, कारण नंतर काढलं की स्तनाचा आकार बदलतो आणि नकाशा खोटा ठरतो. टाक्यांची जागा कुठे उघडी असेल, पू-पाणी येत असेल तर तेही लपवू नका.

आजार डाव्या बाजूला आहे म्हणून श्वासाबद्दल लिहायला हवं. डाव्या स्तनामागे, बरगड्यांच्या लगेच आत, हृदय असतं. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं. तेवढ्या क्षणी किरणं दिली तर हृदयाला लागणारा डोस कमी होतो. बऱ्याच हॉस्पिटलांत ही सोय आता आहे, आम्ही तिला डीआयबीएच म्हणतो. कुठे पोटावर एक छोटा ठोकळा ठेवून कॅमेऱ्याने श्वासावर नजर ठेवतात, कुठे कॅमेरे थेट छातीच्या पृष्ठभागावरच नजर ठेवतात, कुठे तोंडात नळी आणि नाकाला चिमटा लावतात. तुमच्या हॉस्पिटलात आईंसाठी हे करणार आहेत का, हे आजच फोनवर विचारा. हो म्हणाले तर सतरंजीवर हात वर करून झोपल्या असतानाच सराव करून घ्या: सावकाश छातीत श्वास भरायचा, साधारण वीस सेकंद धरायचा, सावकाश सोडायचा. मानेच्या शिरा ताणेपर्यंत ओढायचा नाही, पाठीची कमान करायची नाही. प्रत्येक वेळी सारखाच, मध्यम, आरामात धरता येईल असा श्वास हवा. जमला नाही तर आईंचं काही बिघडत नाही. साध्या श्वासावरही उपचार होतो, आणि हृदय वाचवायचे प्लॅनमध्ये आणखीही मार्ग असतात.

उपाशी राहण्याबद्दल. स्तनाच्या प्लॅनिंगला बहुधा शिरेतून औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, देत नाहीत. तसं असेल तर उपाशी राहायची गरज नाही. पोहे खा, चहा प्या, शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या. पण कॉन्ट्रास्ट देणार असतील तर काही तास उपाशी यायला सांगतात आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात. म्हणून कॉन्ट्रास्ट आहे की नाही, हा एक प्रश्न फोनवर विचाराच. आई मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असतील तर ती थांबवायची का, किती वेळ, हे डॉक्टर किडनीचा रिपोर्ट बघून सांगतील. मुंबईत दर आठवड्याला दिसणारा प्रकार असा: पहाटे शुगरची गोळी घेतलेली, पोटात काही नाही, बदलापूर-कर्जत-विरारहून दोन तासांचा प्रवास, नंबर बाराला लागतो, आणि पेशंट बाकावर घामाघूम. उपाशी राहायचं तर गोळीचं काय, हे आदल्या दिवशीच ठरवा, आणि पिशवीत बिस्किटं-साखर असू द्या. आधी कधी सीटीच्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर तेही सांगायचं. सुई टोचायचीच झाली तर काखेचं ऑपरेशन झालेल्या डाव्या हाताला टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टाही उजव्याच हाताला. नर्सला हे सांगायला लाजू नका, गर्दीत तिच्या लक्षात राहीलच असं नाही.

कपडे वर आणि खाली वेगळे हवेत. सलवार-कुडता सगळ्यात सोयीचा, साडीही चालते. घरचा लांब गाऊन मात्र नको, कारण तो काढला की अंगावर काहीच उरत नाही आणि बाई उगाच अवघडते. आतले कपडे जुने, सुती आणि गडद रंगाचे घाला, खुणांची शाई लागते आणि निघत नाही. मंगळसूत्र, चेन, कानातलं घरी ठेवा. डाव्या मानेच्या खालच्या भागालाही किरणं द्यायची असतील तर गळ्यातलं बरोबर मधे येतं, आणि स्कॅनमध्ये धातूभोवती रेघोट्या उठतात. काही मावश्यांना मंगळसूत्र काढायला नको वाटतं, मी ते समजू शकते. पण उपचाराच्या दिवसांतही ते रोज काढावंच लागणार, आणि रोज लोकलमधून पर्समध्ये सोनं घेऊन फिरण्यापेक्षा तीन आठवडे कपाटात ठेवलेलं बरं. बांगड्याही काढा, आधारावर मनगट टेकलं की टोचतात. त्या दिवशी छातीला-काखेला पावडर, तेल, डिओ, बाम काही लावू नका. खुणा टिकत नाहीत.

वरचं अंग उघडं ठेवावं लागतं, हे आईंना घरीच सांगून ठेवा. टेबलावर पहिल्यांदा कळलं तर धक्का बसतो. वर चादर असते, लागेल तेवढाच भाग उघडतात. खोलीत दोन-तीन माणसं असतात आणि त्यांत पुरुष असू शकतात, टेक्नॉलॉजिस्ट, डॉक्टर किंवा फिजिसिस्ट. बाई असावी असं वाटत असेल तर नाव लावतानाच काउंटरवर सांगा. ऐनवेळी सांगितलं तर जमेलच असं नाही, पण आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी जमवतात. आणि संकोच वाटणं यात चुकीचं काही नाही, असंही आईंना सांगा.

फाइलबद्दल घरोघरी एकच गोंधळ: सगळे कागद एका मोठ्या पिशवीत, आणि नेमका हवा तो घरी. ऑपरेशनच्या नोट्स, गाठीचा आणि काखेचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, रिसेप्टरचा रिपोर्ट, केमोचा चार्ट आणि शेवटच्या डोसची तारीख, केमोच्या आधीची मॅमोग्राफी किंवा पेट स्कॅन, आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला असेल तर तो, एवढं वरती ठेवा. नुसता छापील रिपोर्ट नको, सीडीही घ्या, आणि ती उघडते का हे घरी एकदा बघा. चालू गोळ्यांची यादी लिहून न्या. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड. आणि आयुष्यात कधीही, शरीरावर कुठेही, आधी रेडिएशन घेतलं असेल तर त्याचे कागद काहीही करून शोधा. दुसऱ्या हॉस्पिटलात, वीस वर्षांपूर्वी का होईना. शरीर तो डोस विसरत नाही, आणि नवं प्लॅन त्या हिशेबाशिवाय करता येत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार करायचा असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राला गुरुवारच्या आधीच भेटा. पूर्वमंजुरी यायला वेळ लागतो, आणि प्लॅन तयार पण मंजुरी नाही म्हणून पेशंट थांबलाय, असं होऊ देऊ नका.

आता प्रत्यक्ष खोलीत. आधी संमतीपत्रावर सही, तीही दुष्परिणाम नीट ऐकून. मग बोर्डवर झोपवणं, यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. भिंतीतून आणि छतातून लाल किंवा हिरव्या प्रकाशाच्या सरळ रेघा अंगावर पडतात, त्यांच्या आधाराने आम्ही आईंना सरळ करतो. ते लेझर नुसता प्रकाश असतो, चटका बसत नाही. आम्ही हलवू तेव्हा आईंनी अंग सैल सोडायचं, मदत म्हणून स्वतः सरकायचं नाही. मदत करायला गेल्या की रेघ पुन्हा चुकते. ऑपरेशनच्या व्रणावर आणि स्तनाच्या कडेने बारीक तार चिकटवतात, ती स्कॅनमध्ये दिसावी म्हणून. मग स्कॅन, काही मिनिटांचा, आणि मशीनला दोन्ही बाजूंनी मोकळं भोक, बोगद्यात कोंडल्यासारखं नसतं. तेवढा वेळ खोलीत त्या एकट्या असतात, पण आम्ही काचेतून बघत असतो आणि आवाज ऐकू येतो. शेवटी खुणा आणि त्या स्थितीचे फोटो. एकूण अर्धा ते एक तास धरा. बाहेर बाकावर किती वेळ, ते मात्र मी सांगू शकत नाही.

खुणा काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढ्या गोंदवतात. ते ठिपके कायम राहतात, तिळासारखे दिसतात. काही ठिकाणी मार्करने करतात. शाईच्या खुणा मुंबईच्या घामात टिकवणं हे खरं काम, ऑक्टोबरात तर विचारूच नका. अंगावरून पाणी घेतलं तर चालतं, पण खुणांवर साबण आणि घासणी नको, टॉवेलने टिपायचं. फिक्या झाल्या तर घरी स्वतः पेनाने गडद करायच्या नाहीत. ही कळकळीची विनंती. लेक मायेने आईच्या अंगावर रेघ ओढते आणि ती अर्धा सेंटिमीटर चुकते. खूण पुसट झाली तर विभागात या, आम्ही पुन्हा करू. पूर्ण गेली तरी आकाश कोसळत नाही, बाकीच्या खुणा आणि फोटो असतात.

त्यानंतर आठवडा-दहा दिवस काहीच बोलावणं येत नाही आणि घरचे अस्वस्थ होतात. “मशीन तर चालू आहे, मग आम्हालाच का थांबवलं?” हे मी रोज ऐकते. त्या दिवसांत डॉक्टर स्कॅनच्या एकेका कापावर हाताने रेषा काढत असतात: इथे डोस द्यायचा, इथे हृदय, इथे फुप्फुस. मग फिजिसिस्ट किरणांच्या दिशा आणि प्रमाण बसवतो, डॉक्टर बघून बदल सांगतात, पुन्हा बसवतो, आणि गरजेनुसार प्लॅन आधी मशीनवर, माणसाशिवाय, तपासलं जातं. ही घाई करण्याची जागा नाही. मात्र दहा दिवस उलटूनही फोन नाही आला तर खुशाल विचारा, कधी कधी फाइल खरंच कुठेतरी अडकलेली असते.

तुमच्या निमित्ताने हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. तोंड-घशाच्या आजारात चेहऱ्याचा साचा करतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात तांदळाच्या ओल्या पापडासारखा मऊ होतो, तो चेहऱ्यावर ओढून बसवतात आणि काही मिनिटांत तो कडक होतो. गरम पंचा ठेवल्यासारखं वाटतं, भाजत नाही. भोकांतून श्वास व्यवस्थित घेता येतो. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा, डोळ्यांपुढची जाळी कापून देता येते, डॉक्टर सौम्य औषधही देऊ शकतात. दाढी-मिशा आणि केस आदल्या दिवशी करा, आणि पुढे तसेच ठेवा. साचा दाढीवर बसवला आणि नंतर दाढी काढली तर तो सैल पडतो. बायकांनी मागे अंबाडा किंवा क्लिप नको. कवळी बरोबर आणा, ठेवायची की काढायची ते डॉक्टर सांगतील.

दातांचं काम मात्र प्लॅनिंगच्या बरंच आधी संपवायला हवं. किडलेले दात काढायचे असतील तर जखम भरायला दोनेक आठवडे तरी लागतात, आणि रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. गुटख्याने तोंड उघडत नसेल तर तसं सांगा, तोंडात ठेवायचा आधार त्याप्रमाणे निवडावा लागतो. आणि तंबाखू-सिगारेट आजपासून बंद. उपचार चालू असताना ओढत राहिलं की उपचाराचाच परिणाम कमी होतो.

गर्भाशयाचं तोंड, प्रोस्टेट, गुदाशय यांच्या प्लॅनिंगला लघवीची पिशवी भरलेली लागते, पोट साफ लागतं. इथे मुंबईकर हमखास चुकतात. घरून पाणी पिऊन निघतात आणि मुलुंडपर्यंत हाल होतात. घरून प्यायचं नाही. हॉस्पिटलात आल्यावर लघवी करून यायची, मग तिथे सांगतील तेवढं पाणी, बहुधा अर्धा लिटरच्या आसपास, प्यायचं आणि सांगतील तितका वेळ थांबायचं. एकच बाटली ठरवून ठेवा, तीच रोज आणा, म्हणजे माप चुकत नाही. मे महिन्यात दिवसभर पाणी कमी पडलं तर पिशवी भरायला जास्त वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशीही पुरेसं पीत राहा. बद्धकोष्ठ असेल तर चार दिवस आधीच डॉक्टरांना सांगा. मूल राहण्याची शक्यता असलेल्या वयातल्या बाईने, आजार कुठलाही असो, पाळी चुकली असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगायलाच हवं.

पुन्हा तुमच्याकडे. रोजची वेळ कोणती हवी हे गुरुवारीच बोलून घ्या, कारण वेळा तेव्हाच वाटल्या जायला लागतात. बदलापूरहून सकाळच्या गर्दीत ऑपरेशन झालेली छाती घेऊन येणं हा शेकापेक्षा मोठा त्रास आहे. अकरानंतरची वेळ मागा. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटला जाता येतं, त्यासाठी हॉस्पिटलचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. प्लॅनिंग एका इमारतीत आणि उपचार दुसरीकडे, असं असू शकतं. टाटाच्या पेशंटना परळऐवजी खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रातही जावं लागू शकतं. म्हणून कार्डावरचा पत्ता नीट वाचा. गावाहून येणाऱ्यांनी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे जागेची चौकशी आधीच करून ठेवावी, जागा लगेच मिळेलच असं नाही.

आणि गणपती. त्या तीन आठवड्यांत कोकणात जायचं असेल, घरात लग्न असेल, तर ते प्लॅनिंगच्याच दिवशी सांगा. सुरुवातीची तारीख डॉक्टर थोडीफार मागेपुढे करू शकतात. पण उपचार सुरू झाल्यावर मधेच पाच दिवस गायब होणं बरं नाही, घशाच्या आजारात तर मुळीच नाही. दर वर्षी निदान एक तरी कुटुंब कणकवलीहून फोन करून विचारतं की दोन दिवस वाढवले तर चालेल का.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आईंच्या मनात असेलच: उपचारानंतर नातवाला जवळ घेता येईल का? हो, त्याच दिवशी. बाहेरून दिलेली किरणं मशीन बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही, ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. आणि छातीच्या रेडिएशनने डोक्याचे केस जात नाहीत. केमोनंतर उगवायला लागलेले उगवत राहतील.

आईंबरोबर एकच माणूस न्या, आणि तो असा हवा ज्याला गोळ्यांची यादी पाठ आहे आणि जो काउंटरवर न ओरडता दोनदा विचारू शकतो. निघण्याआधी विभागाचा थेट फोन नंबर लिहून घ्या. बुधवारी रात्री ताप आला किंवा खोकला सुरू झाला तर सकाळी त्या नंबरवर आधी फोन करा. खोकत खोकत हात वर करून स्थिर झोपता येत नाही, आणि श्वास धरणं तर त्याहून नाही.